परक्यांना ठाऊक असलेली अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबला कापडाच्या दुकानात गादीवर बसून तिच्यासाठीच साडी बघत होते. माझ्या लेकीचं, गौरीचं लग्न ठरलेलं. बस्त्याचा दिवस. समोर साड्यांचा ढीग पडला होता आणि मी दुकानदाराला सांगत होते, जांभळी नको हो, माझ्या बहिणीला भडक रंग सोसत नाही, राखाडी असेल तर काढा. फोन पुण्याहून होता, तिच्या प्रयोगशाळेतून. मॅडम सकाळी कामावर आल्या, टेबलाशी बसल्या, पाणी मागितलं आणि... पुढचं मला ऐकू आलंच नाही. राखाडी साडी घडी मोडून मांडीवर पडली होती. तीच घेतली. दुसऱ्या दिवशी ईटला, आमच्या गावी, तीच तिच्या अंगावर घातली.

आदल्याच आठवड्यात तिचा फोन आला होता. "नंदे, बस्ता बांधायच्या आधी गौरीला दोन दिवस माझ्याकडं पाठव." मी म्हटलं, "आता गं कशाला? लग्न झाल्यावर येतील की जोडीनं." ती म्हणाली, "आधी पाठव." मी वैतागले. "अक्का, हळदीच्या तोंडावर पोरीला प्रवासाला धाडू व्हय? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "बरं. तुझं घर, तुझी पोर." आणि फोन ठेवला. मला वाटलं, बिनलग्नाची बाई, हिला लग्नघरातली गडबड काय कळणार. आज त्या फोनमधला एकेक शब्द मी उलटा-पालटा करून बघते. पण तो फोन समजायला मला तिच्या मरणापर्यंत थांबावं लागलं.

आमचं घर मेंढरं राखणारं. आबा, म्हणजे आमचे वडील, पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडायचे ते थेट पुढच्या पेरणीच्या सुमाराला ईटला परतायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कळपातलं कुठलंही कोकरू दाखवलं की त्याची आई कोण, बाप कोण, आजी कोण, हे ते चालता चालता सांगायचे. अशा घरात अक्का जन्मली आणि दहावीला तालुक्यात पहिली आली. पुढं धाराशिवला विज्ञान शिकली, मग पुण्याला गेली. आमच्या पालावर पाटी-पुस्तक घेऊन बसणारी ती पहिली आणि दुसरी मी. मी बी.ए., बी.एड. आहे, हायस्कूलला भूगोल शिकवते, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. माझ्या शिक्षणाला आबांचा नकार होता. अक्का त्यांना म्हणाली, "ठीक आहे. मग मी नोकरी सोडून मेंढरामागं येते, नंदीला कॉलेजात घाला." आबा हसले आणि मी कॉलेजात गेले. तिनं मला शिकवलं, हे आधी लिहून ठेवते. पुढं जे लिहायचंय ते लिहिताना हे विसरायला होऊ नये म्हणून.

पुण्यात ती गुणसूत्रांच्या तपासणीचं काम करायची. पहिल्यांदा सुट्टीत तिच्याकडं गेले तेव्हा ती टेबलावर वाकून कात्रीनं फोटो कापत होती. मला वाटलं, ही काय पोरासोरांचं कातरकाम करतेय. तो एका पेशीचा मोठा केलेला फोटो होता आणि त्यात सांडलेल्या शेवयांसारखी बारीक बारीक गुणसूत्रं पसरली होती. ती एकेक कापायची आणि पुठ्ठ्यावर जोडीजोडीनं चिकटवायची. मोठी जोडी आधी, मग तिच्याहून लहान, मग त्याहून लहान. तेवीस जोड्या. "पट्ट्या बघ," म्हणायची, "काळ्या-पांढऱ्या. घोंगडीच्या काठासारख्या. आबांना कसं लांबूनच कळतं हे कोकरू कुणाचं, तसं पट्ट्यांवरून कळतं हे गुणसूत्र कितवं. एक पट्टी इकडची तिकडं गेली तरी डोळ्याला खटकली पाहिजे."

ही जोडी लावायची सवय तिच्या हाताला घरातूनच होती. गावाकडं जागरण असो, बारसं असो, माणसं आत बसली की अक्का हळूच बाहेर जायची आणि अंगणातल्या सगळ्या चपला-जोड्यांची ओळ लावायची. मोठ्या मापापासून लहान मापापर्यंत. आबांची पायताणं पहिली, कुणाच्या तरी तान्ह्या लेकराचे बूट शेवटी. तिचं आणि माझं माप एकच, त्यामुळं तिच्या ओळीत आमच्या दोघींच्या चपला कायम शेजारी यायच्या. पाव्हणे चेष्टा करायचे, "पुण्याला जाऊन पोरगी पायताणं राखायला शिकली!" ती म्हणायची, "तुमचंच हरवलं म्हणजे मलाच हाका माराल."

पुढं कात्री गेली. फोटो संगणकावर आले, तिथं बोटानं ढकलून जोड्या लागायला लागल्या. मग रंगांचं तंत्र आलं. अंधारात यंत्राखाली पेशी ठेवली की हवा तो तुकडा लाल नाहीतर हिरवा ठिपका होऊन चमकायचा. मग तर काचेच्या इवल्या पट्टीवर सगळं वाचून, डोळ्याला कधीच दिसला नसता असा बारीक तुटलेला भाग सांगणारी यंत्रं आली. दर दिवाळीला अक्का आली की नवं काहीतरी सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा उजळायचा. लांबलांबून बायका तिच्याकडं यायच्या. कुणाचं लेकरू बसत नाही, कुणाचं बोलत नाही, कुणाच्या पोटात राहतच नाही. डॉक्टर बोलून झाले तरी अक्का त्यांच्याशी बोलायची. एकदा मी शेजारीच बसले होते. जालन्याकडची एक बाई रडत होती, सासू म्हणते मागल्या जन्मीचं पाप. अक्का तिला म्हणाली, "बाई, पेशी वाटणी करताना एक तुकडा चुकीच्या बाजूला गेला. पेशीला पाप-पुण्य कळत नाही. तुमचा काही दोष नाही आणि हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे, कारण शरीर तुमचं आहे." मला तेव्हा भरून आलं. ही माझी बहीण, असं त्या बाईला ओरडून सांगावंसं वाटलं.

तेव्हा माझीच दोन पोटातली गेली होती.

लग्न होऊन मी कळंबला आले. नवऱ्याची आडत, घर खाऊन-पिऊन सुखी, माणसं वाईट नव्हती. पण दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात मला घाम फुटायचा, कारण त्याच सुमाराला सगळं संपायचं. सासूबाई आधी मायेनं बोलल्या, मग कमी बोलल्या, मग शेजारणीशी बोलायला लागल्या. माझ्या गळ्यात-कंबरेला इतके दोरे होते की शाळेत पोरांसमोर फळ्याकडं हात वर करायची लाज वाटायची. मी स्वतःला दोष दिला. सायकल चालवली म्हणून, पपई खाल्ली म्हणून, जिना चढले म्हणून. शेवटी शेवटी तर शिकले म्हणून. हो, तेही एकदा सासूबाईंच्या तोंडून निघालं आणि मला खोटं वाटलं नाही.

त्या दिवसांत अक्का एकदा कळंबला आली, सुईची पिशवी घेऊन. म्हणाली, "नंदे, तुझं थोडं रक्त दे. पोरांना शिकवायला निरोगी माणसाचा नमुना लागतो." मी हसत हात पुढं केला. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या शिक्षकांना सांगितलं, माझ्या रक्तावर पुण्याची पोरं शिकणारेत. नंतर फोनवर विचारलं, "कसंय माझं रक्त?" अक्का म्हणाली, "झकास."

पुढं पुन्हा दिवस गेले तेव्हा ती हट्टानं मला पुण्याला घेऊन गेली. पोटातलं पाणी काढून तपासायचं म्हणाली, "वय झालं की करतातच." मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, तो गुन्हा आहे, असं तिनं आधीच बजावलं. कायदा पाळणारी बाई! कागद पुढं आले. अक्कानं बोट ठेवलं तिथं मी सही केली. मी, बी.ए. झालेली बाई, अंगठा उठवल्यासारखी सही करून मोकळी झाले, कारण बोट अक्काचं होतं. मग निकालाची वाट बघत तिच्या घरी राहिले. एका संध्याकाळी ती लॅबमधून आली, चप्पल दारात नीट लावली, आत जाऊन साखरेचा डबा आणला आणि चिमूटभर माझ्या तोंडात घातली. "हे पोर राहणार. भिऊ नको." आणि राहिलं. ती गौरी. आयुष्यभर मी सगळ्यांना सांगत आले, माझी लेक अक्काच्या पायगुणानं जगली.

अक्काच्या गोडजेवणाला पुण्याहून तिची एक विद्यार्थिनी आली होती, वैशाली. आता तीच तिथलं काम बघते. पंगत उठल्यावर माझ्याशेजारी येऊन बसली, रडली, मग डोळे पुसून हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही तुमची तपासणी करून घेतलीच असेल ना? मॅडमसारखं असलं तर गौरीताईंचंही लग्नाआधी बघायला हवं."

"मॅडमसारखं म्हणजे काय?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघतच राहिली. तिला वाटलं, मी दुःखानं बावचळलेय. मग तिनं सांगितलं. अक्का अगदी नवी शिकाऊ असताना हात बसवायला सगळ्यांना एक निरोगी नमुना लागायचा, आणि सोय म्हणून सगळे आपापलंच रक्त वापरायचे. अक्कानंही वापरलं. कापून जोड्या लावायला बसली तर दोन जोड्या जुळेनात. दोन गुणसूत्रांनी आपले तुकडे अदलाबदल केलेले. आणि पुढं मास्तरीण झाल्यावर अक्का दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी एकच फोटो द्यायची. "म्हणायच्या, या बाईत खोट आहे, शोधा. आम्ही तास तास डोळे फोडायचो. सापडलं की म्हणायच्या, शाबास, ही मी. भिऊ नका, मी तुमच्यासमोर ठणठणीत उभी आहे. पण माझ्या बहिणीला कळायला पाहिजे का नको? पहिल्या दिवसाचा प्रश्न तोच असायचा, मावशी. आम्ही सगळे म्हणायचो, पाहिजे. त्या म्हणायच्या, बरोबर."

अंगणात चपलांचा खच पडला होता. ओळ लावणारं कुणी राहिलं नव्हतं. वैशालीनं तिकडंच बोट दाखवून मला समजावलं, मॅडम असंच सांगायच्या म्हणून. दोन जोड घ्या. पहिल्यातल्या एका चपलेची टाच काढून दुसऱ्यातल्या एकीला शिवली आणि तिची हिला. घरात दोन्ही जोड आहेत तोवर काही कमी नाही, काही जास्त नाही, माणूस धडधाकट. पण लेकराला देताना दर जोडातली एकेकच चप्पल द्यायची असते. दोन्ही मूळच्या गेल्या तर उत्तम. दोन्ही बदललेल्या गेल्या तरी चालतं, लेकरू आईसारखंच निघतं. पण एक मूळची आणि एक बदललेली गेली, की एक टाच जास्त होते आणि दुसरी नसतेच. तसलं लेकरू बहुतेक पोटात टिकत नाही. आणि आधीच माहीत असलं तर बाईला पर्याय असतात, आता तर लई चांगले आहेत... ती बोलत होती. मला ऐकू येत होतं फक्त "झकास".

म्हणजे कुठल्या कुठल्या गावची पोरं माझ्या बहिणीच्या पेशी बघून शिकली. त्यांना ठाऊक होतं. रडणाऱ्या जालन्याच्या बाईला ठाऊक होतं की दोष तिचा नाही. माझं रक्त खोटं बोलून नेलं, बघितलं, तेव्हा अक्काला ठाऊक झालं. पोटातल्या गौरीचं पाणी बघितलं, तेव्हा गौरीचंही ठाऊक झालं. ठाऊक नव्हतं ते मला एकटीला. जिनं मला शिकवलं तिनंच मला अडाणी ठेवलं.

मी उठून आत गेले. माय, आमची आई, भिंतीला टेकून बसली होती. थकलीय ती, पण कान शाबूत आहेत. मी म्हटलं, "माय, अक्काला काय होतं ते तुला माहीत होतं?" तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "म्याच तिला बेलभंडार उचलाया लावला."

आमच्यात बेल आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे संपलं. माणूस गेलं तरी शब्द राहतो. मायनं सांगितलं ते असं. अक्काचंही एकदा लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. तिनं त्या मुलाला खरं सांगितलं आणि सुपारी मोडली. त्याच सुमाराला माझं कळंबला जुळलं. मायनं अक्काला देवापुढं बसवलं आणि हातात बेलभंडार दिला. ह्या घरात आणि नंदीच्या सासरी, खुद्द नंदीपुढंही, याचा शब्द काढायचा नाही. "तुझं मोडलं असतं, नंदे."

"लग्नानंतर का नाही सांगू दिलं? माझी एकामागून एक जात होती, माय!"

"नंतर कळलं असतं तर त्यांनी तुला माघारी धाडलं असतं."

"मला धाडलं असतं ना! माझं मी बघितलं असतं."

माय म्हणाली, "तिनं माझंबी रक्त नेलं व्हतं. माझ्याकडनंच आलंय म्हणली. तुमा दोघींच्या मदी माझी किती गेली, तुला कुठं ठावं हाय? तुझा बाप दोनदा गाभडलेली, कोकरू पोटातच गेलेली मेंढी कळपात ठिवत न्हवता. आपल्या हितल्या वाशीच्या बाजारात इकायला काढायचा. म्या सगळं बघत व्हते, नंदे."

तरी माझा राग गेला नाही. मायचं मी समजू शकते, तिला कुणी शिकवलं नव्हतं. अक्काचं समजत नाही. जिनं उभ्या जन्मात दाराला लिंबू-मिरची बांधली नाही, ती बेलाच्या पानाला बांधली गेली? मी मायला तेच विचारलं, अक्का शपथेला भ्याली का? माय म्हणाली, "भ्याली न्हाय. लई भांडली माझ्याशी. मग म्हणली, घरात न्हाय बोलणार, पर बाहेर बोलीन. म्या म्हणलं बोल की. परक्याला सांगू नको असं म्या कुठं म्हणले व्हते?"

म्हणजे तिनं शब्दही पाळला आणि तेच गुपित बाहेर जगभर वाटलं. शब्दाला एक फट ठेवून घेतली. वैशालीसारखं कुणीतरी कधीतरी माझ्यापर्यंत येईल म्हणून ती वाट बघत होती का? गौरीला पाठव म्हणून केलेला तो फोन त्याच फटीतून हात घालून केलेला होता का? असेल. पण मला तिला तेवढं श्रेय द्यायचं नाही. वाट बघायची मुभा तिला होती. माझं पोट वाट बघत नव्हतं. मायची अब्रू आणि माझी लेकरं समोरासमोर होती आणि तिनं मायची अब्रू उचलली. उचलायची तर उचल, पण मग माझ्या तोंडात साखर घालू नको. माझ्या डोक्यावर हात फिरवून "पुढच्या वेळी होईल गं" म्हणू नको...

सगळ्यात कडू ते पुढंच घडलं. मी उठायला लागले तशी माय देव्हाऱ्याकडं सरकली. बेलाची पानं आणि भंडाऱ्याची चिमूट घेऊन आली आणि माझा हात धरला. "गौरीचं लगीन जुळलंय. पत्रिका छापायला गेल्यात. गप ऱ्हा, नंदे. उचल."

एक क्षण... खरं लिहिते, एक क्षण माझी बोटं उघडली होती. गौरीचं होणारं सासर वाशीचं, माणसं चांगली आहेत, मुलगा शांत आहे, हॉल ठरलाय. अक्काचीही बोटं अशीच उघडली असतील, हे मला त्या क्षणी कळलं. मी हात मागं घेतला. पानं खाली पडली. माय म्हणाली, "अक्कानं ऐकलं व्हतं माझं." मी म्हटलं, "हो. आणि मी अडाणी राहून भोगत बसले."

गौरीला मी त्याच दिवशी परत येताना गाडीत सगळं सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून मावशीला माझं सगळं आतबाहेर माहीत होतं. आणि वाढदिवसाला मात्र दरवर्षी चुकीच्या मापाचा ड्रेस!" आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता मी रडायला लागले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, रक्त माझं. निकाल आधी मी एकटी ऐकणार. मग तुला सांगायचं का, त्याला सांगायचं का, मी ठरवणार." मी हो म्हटलं. ते हो म्हणणं सोपं नव्हतं. मलाही आईच व्हायची सवय आहे.

पुण्याला गेलो. वैशालीनं रक्त घेतलं, माझंही घेतलं, आणि यावेळी कुठलाही कागद मी वाचल्याशिवाय पुढं सरकवला नाही. वैशाली कंटाळली असेल. निकालाला पुन्हा गेलो तेव्हा तिनं मला आधी पडद्यापाशी नेलं. डाव्या बाजूला अक्काचा तो फोटो, उजव्या बाजूला माझा. मला वाचता काय येणार, पण अक्कानं शिकवलेलं आठवलं, पट्ट्या बघ, घोंगडीच्या काठासारख्या. बघत राहिले. वैशालीनं बोट ठेवायच्या आधीच मला ते खटकलं. दोघींचंही त्याच जागी. जन्मभर शेजारी शेजारी होतो आणि ते मला एका परक्या पोरीनं दाखवलं.

मग गौरीची पाळी आली. आत जायला चप्पल काढून तिथल्या रबरी सपाता घालाव्या लागतात. दाराबाहेर त्यासाठी फळ्यांची एक मांडणी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पार विस्कटलेली. त्याच गर्दीत अक्काच्या निळ्या सपाता होत्या, तिच्या रोजच्या. अजून कुणी उचललेल्या नाहीत, कुणी घालतही नाही. वैशाली तयारी करेपर्यंत गौरी दाराशी उभी होती. तिला काय सुचलं कुणास ठाऊक, खाली वाकली आणि सगळ्या चपला जोडीजोडीनं लावायला लागली. मोठ्या मापापासून लहान मापापर्यंत. लहानपणी मावशीमागं मागं करत हात बसलेला. मग वैशालीनं हाक मारली आणि ती आत गेली. दार लागलं.

मी समोरच्या बाकावर बसून राहिले.

गौरी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता आला नाही. ती माझ्याशेजारी बसली आणि तिनं मला सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. बाहेर जाऊन तिनं फोन लावला, तो कुणाला हेही तिचंच आहे. लग्नाचं ज्यांना कळायचं त्यांना पत्रिका येईल किंवा येणार नाही. हा लेख तिनं वाचलाय आणि छापायला हो म्हटलंय. मायलाही मी विचारलं, तुझंही त्यात येईल, लिहू का? ती म्हणाली, "लिही. मला कुठं वाचाया येतंय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "वाचून दाखवशील?"

त्या दिवशी गौरी फोन करायला बाहेर गेल्यावर मी बाकावरून उठले. चप्पल घालायला मांडणीपाशी गेले तर गौरीनं लावलेली ओळ तशीच होती. मापाप्रमाणं. अक्काच्या निळ्या सपाता आणि त्यांच्या अगदी शेजारी, काठाला काठ लावून, माझ्या चपला. मी जरा वेळ उभी राहिले. मग माझ्या उचलल्या, पायात घातल्या आणि निघाले. तिच्या तिथंच राहिल्या, शेजारची जागा रिकामी.